गुण येईना

आमच्या नगरला डॉक्टर बदलायला कारण लागत नाही. 'त्यांचा काही गुण येईना' एवढं म्हटलं की विषय संपला. यात डॉक्टरांचा अपमान नाही, रोग्याचा दोष नाही, औषधाची तक्रार नाही. गुण हा पावसासारखा असतो. रतनवाडीला धो धो येतो, पाथर्डीला येत नाही, म्हणून काही पाथर्डीकरांचं चुकलेलं नसतं.

माझ्या आईनं एका गुडघ्यासाठी चार डॉक्टर बदलले. चौघांशीही तिचे संबंध उत्तम आहेत. तिसऱ्या डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नाला ती चौथ्या डॉक्टरांची गोळी खाऊन गेली होती. तिच्याच पोटी मी जन्माला आलो, आणि मला एक थेरपिस्ट बदलायला अडीच महिने लागले. तीही ऑनलाइन. म्हणजे नुसतं एक बटण दाबायचं होतं.

गोष्ट सुरू झाली जामिनावरून. मी एका हायस्कुलात हेडक्लार्क आहे. कायम, पगारदार, निवृत्तीला चार वर्षं बाकी. पतसंस्थेच्या लेखी असा माणूस म्हणजे सोन्याची वीट. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली लोणीच्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्याच्या अंगात सहकार भिनला तो भिनलाच. त्या सहकाराच्या अगदी तळाशी एक माणूस उभा असतो, त्याला जामीनदार म्हणतात. कर्ज एकानं घ्यायचं, सही दुसऱ्यानं करायची. फॉर्म नेहमी चहाबरोबर येतो आणि आणणारा म्हणतो, "काही नाही हो, नुसती फॉर्मॅलिटी आहे." ही फॉर्मॅलिटी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये लिहून ठेवली आहे: वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. दीडशे वर्षं झाली, अजून एकाही जामीनदारानं ते सही करण्याआधी वाचलेलं नाही.

मी तीन ठिकाणी सह्या केल्या होत्या. एक चुलतभावाच्या ट्रॅक्टरसाठी, एक आमच्या शिपायाच्या घराच्या स्लॅबसाठी. तिसऱ्या माणसाला मी शेवगावच्या एका लग्नात भेटलो होतो. पंगतीत त्यानं मला आग्रह करकरून जिलबी वाढली. पंधरा दिवसांनी तो फॉर्म घेऊन आला. पहिल्या दोघांनी हप्ते भरले. जिलबीवाल्यानं भरले नाहीत. पतसंस्थेनं सहकार कायद्यातल्या कलम एकशे एकचा वसुली दाखला काढला आणि वसुली माझ्या पगारातून लागली. आता आमच्या शाळेचं पगारपत्रक करतो कोण? मी. पगाराच्या शालार्थ प्रणालीवर स्वतःच्या नावापुढं ती कपात मीच टाकली, मीच तपासली आणि बरोबर आहे म्हणून पुढं पाठवली. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या कामात चूक सापडत नाही बुवा."

त्या महिन्यापासून झोप उडाली. पुण्याहून आलेल्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, तुमचा प्रॉब्लेम कर्ज नाही. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हा तुमचा प्रॉब्लेम आहे." आणि तिनं माझ्या मोबाइलवर एक ॲप टाकून सहा सेशनचं पॅकेज घेऊन टाकलं. मला ते नको होतं. पण तिला नाही म्हणता आलं नाही.

ॲपवर आधी माहिती भरायची होती. गावांच्या यादीत अहमदनगर होतं, अहिल्यानगर नव्हतं. गावाचं नाव सरकारनं २०२४ च्या ऑक्टोबरात बदललं, ते त्या यादीपर्यंत अजून पोचायचं होतं. आम्ही मात्र आधीही 'नगर' म्हणत होतो आणि आताही म्हणतो, त्यामुळं आमची काही अडचण झाली नाही. एवढ्या पाचशे वर्षांच्या गावाचं नाव बदलता येतं, याची मला पुढं बरेचदा आठवण झाली.

मॅडम मुंबईच्या, राहायला बंगळूरला, वय असेल सत्तावीस. मागे पुस्तकांचं कपाट, त्यावरून लोंबणारा मनी प्लांट. पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "तुम्ही मला नावानंच हाक मारा." चौपन्न वर्षांच्या हेडक्लार्कला हे कसं जमावं? मी 'मॅडम'वरच राहिलो. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या. मी म्हटलं, नेट गेलं असेल. हॅलो हॅलो केलं. तर त्या म्हणाल्या, "मी ऐकतेय." ऐकणाऱ्या माणसानं मध्ये मध्ये 'हां', 'मग', 'काय सांगता' असं काहीतरी करावं, असा आमच्याकडे रिवाज आहे. खरं म्हणजे गप्प बसणाऱ्यांची सवय नगरकरांना सगळ्या जगाच्या आधी व्हायला हवी होती. आमच्या अरणगावजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा १० जुलै १९२५ ला मौनात गेले ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत बोलले नाहीत. पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवत आणि पुढं पुढं नुसत्या खुणांनी त्यांनी साडेत्रेचाळीस वर्षं लोकांना धीर दिला. 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे अमेरिकेत १९८८ साली गाजलेलं गाणंसुद्धा त्यांच्याच चित्राखाली छापलेल्या ओळीवरून सुचलं. पण त्यांच्यापुढं बसणाऱ्याला पंचेचाळीस मिनिटांचं घड्याळ नसायचं आणि यूपीआयवरून पैसेही गेलेले नसायचे.

सेशनला जागा हा एक वेगळाच विषय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तो २९ मे २०१८ पासून देशभर लागू झाला. आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये अजून व्हायचाय. आमच्याकडे कुणी आतल्या खोलीचं दार लावलं की आई बाहेरून विचारते, "बरं वाटत नाही का रे?" पहिलं सेशन मी हॉलमध्ये केलं. इस्त्रीचा शर्ट घालून मी एका तरण्या मुलीशी घरदार, भाऊबंद, पगार असं सगळं बोलतोय, हे आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मुलगी बरी दिसती. आपल्या संदीपसाठी का?"

दुसऱ्या वेळेपासून मी पार्किंगमध्ये गाडीत बसू लागलो. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, काचा वर, दिवा बंद. सोसायटीत बातमी पसरली की आमचं नवराबायकोचं पटत नाही. वॉचमन काचेवर टकटक करून चहा देऊन जायचा आणि पाठीवर हात ठेवायचा. मानसिक आधार म्हणतात तो मला त्या काळात मुख्यतः त्याच्याकडूनच मिळाला. तिसऱ्या गुरुवारी बायकोच्या माहेरी होतो, शनिशिंगणापूरला. तिथल्या घरांना परंपरेनं दारं नसतात, हे जगाला माहीत आहे. २०११ साली तिथं बँकेची शाखा उघडली तीसुद्धा बिनकुलपाची. मॅडम म्हणाल्या, "दार लावून घेता का जरा?" मी म्हटलं, "मॅडम, इथं शनिदेवाचा पहारा आहे." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक माझ्याबद्दलच.

पण खरी गंमत झाली ती चौथ्या सेशनला. मॅडम म्हणाल्या, "तुमचा मूळ प्रश्न बाउंड्रीजचा आहे."

मी चकित झालो. मी तर त्यांना सांगितलंही नव्हतं. म्हटलं, "हो ना. चुलत्यानं दोन फूट बांध कोरला. मोजणीला अर्ज केलाय भूमी अभिलेखला, तारीख मिळेना."

"नाही नाही, मी तुमच्या बाउंड्रीजबद्दल बोलतेय. तुम्ही त्या स्वतःच आखायच्या."

"स्वतः आखल्या तर मारामाऱ्या होतात मॅडम. सरकारी मोजणीच लागते."

त्यांना वाटलं, मी रूपकात बोलतोय. मला वाटलं, त्यांना कायदा माहीत नाही. त्या दिवशीची पंचेचाळीस मिनिटं बांधावरच गेली.

आणि हे असंच चालायचं. मॅडम हुशार होत्या, शांत होत्या, एकदाही घड्याळाकडं बघायच्या नाहीत. पण साडू म्हणजे कोण, भावकीतल्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं तर पुढं मयताला खांदा द्यायला कोण येतं, एकशे एक म्हणजे काय, हे समजावण्यातच अर्धा वेळ जायचा. मी त्यांना सहकार शिकवत होतो, आणि पैसे मीच देत होतो. त्यांनी मला अभ्यास दिला: रोज आरशासमोर उभं राहून दहा वेळा 'नाही' म्हणायचं. मी दाढी करताना सुरू केलं. बायकोनं बाथरूमबाहेरून विचारलं, "कुणाला नाही म्हणताय?" मी म्हटलं, "कुणाला नाही." ती म्हणाली, "तेच तर."

एडवर्ड बॉर्डिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७९ साली मांडून ठेवलंय की उपचार करणारा आणि घेणारा यांची मोट बांधायला तीन गोष्टी लागतात: कुठं जायचं हे दोघांना मान्य पाहिजे, कुठल्या वाटेनं जायचं हे मान्य पाहिजे, आणि दोघांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. नगरहून पुण्याला जायचं असेल तर शिरूरवरून जायचं, एवढं तरी ठरलेलं हवं. मी मॅडमच्या गाडीत बसलो होतो, गाडी छान होती, एसी होता, आणि ती मनमाडकडं चालली होती. बॉर्डिनसाहेबांनी ज्याच्यासाठी आख्खा लेख लिहिला त्यालाच माझी आई गुण म्हणते, आणि तिला तो पहिल्या गोळीत कळतो.

म्हणजे बदलायला हवं होतं. ॲपवर कोपऱ्यात तीन टिंबं होती, ती दाबली की 'थेरपिस्ट बदला' असं यायचं. ते दाबलं की कारण विचारायचे: वेळ जुळत नाही, भाषा जुळत नाही, जवळीक वाटली नाही, इतर. मी रोज रात्री ते उघडायचो, 'इतर'वर बोट न्यायचो आणि परत यायचो. नाही म्हणता येत नाही म्हणून ज्यांच्याकडं गेलो, त्यांनाच नाही कसं म्हणणार? तेवढं आलं असतं तर गेलोच कशाला असतो?

न्हावी बदलणं याहून सोपं असतं, असं नाही. चितळे रोडवरचा माझा जुना सलूनवाला मी बारा वर्षांपूर्वी सोडला. अजून तिथून जायची वेळ आली तर मी मागच्या गल्लीनं वळसा घालतो, आणि केस नुकतेच कापलेले असतील तर टोपी घालतो. पण तिथं निदान गल्ली आहे. मोबाइलमध्ये मॅडमच्या नावापुढचा हिरवा ठिपका चुकवायला गल्ली कुठाय?

सहावं सेशन संपताना मॅडमनी विचारलं, "पुढची सहा घेऊ या का?" मी म्हटलं, "हो हो, घेऊ या की." पैसे गेल्याचा मेसेज बायकोच्या फोनवर येतो. ती रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिलाही जामीन राहिलात."

मग मी आयुष्यातली सगळ्यात भारी युक्ती केली. बरा झालो की आपोआप सुटका होईल, असा हिशेब करून आठव्या सेशनला मी सांगितलं, "मॅडम, आता मला बरंच बरं वाटतंय." त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. म्हणाल्या, "काय बदललं? नीट सांगा मला." आली का पंचाईत! मग मी एका काल्पनिक माणसाला काल्पनिक जामीन नाकारला. तो कसा आला, चहा कसा घेतला नाही, मी छातीवर हात ठेवून कसं 'जमणार नाही' म्हटलं, सगळं रंगवून सांगितलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या गुरुवारी म्हणाल्या, त्या प्रसंगावर आपण आणखी काम करू. दोन सेशन मी बऱ्या झालेल्या माणसाचं काम केलं. एवढा ताण मला आजारात आला नव्हता.

शेवटी दहाव्या सेशनला, वॉचमनचा चहा पोटात गेल्यावर, डोळे मिटून बोलून टाकलं, "मॅडम, राग मानू नका, पण तुमचा मला गुण येईना."

"गुण? म्हणजे मार्क्स?"

मी समजावून सांगितलं. रतनवाडी आणि पाथर्डीसकट. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "असं होतं. यात काहीच चुकीचं नाही. तुम्हाला कसा थेरपिस्ट हवाय ते सांगा, मी दोन नावं सुचवते. तुम्ही लेखी संमती दिलीत तर आतापर्यंतची टिपणं पुढच्यांना पाठवते, म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही." दोन मिनिटांत आटोपलं. अडीच महिने मी ज्या क्षणाला घाबरत होतो तो असा सरळ निघून गेला, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. थोडं तरी तोंड उतरावं की नाही माणसाचं? रतीब बंद केला तर आमचा दूधवालासुद्धा आठ दिवस बोलत नाही.

या खेपेला मी चाळणी लावून घेतली. मराठी, पुरुष, पंचेचाळीसच्या पुढचा, जमल्यास नगर जिल्हा. कारकुनाचा पिंड, म्हणून कागदही मागितले. समुपदेशक ही पाटी कुणीही लावतो, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरला असावं लागतं. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये, आम्ही शाळेत दाखल्यावर शिक्का बघतोच ना. क्रमांक आला. गृहस्थ निघाले संगमनेरचे. पहिल्या मिनिटाला त्यांनी गाव विचारलं, दुसऱ्या मिनिटाला मी आडनावावरून त्यांचं मूळ गाव काढलं, तिसऱ्या मिनिटाला आम्ही एकमेकांच्या मामांपर्यंत पोचलो. जीव कसा सुपाएवढा झाला! साडू म्हणजे कोण, हे सांगावंच लागलं नाही. फक्त चौथ्या मिनिटाला असं निघालं की तो जिलबीवाला त्यांच्या चुलतसासऱ्यांचा सख्खा भाचा.

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग मला तुमचं काम घेता येणार नाही. नात्यात गुंता असेल तर आम्ही घेत नाही." पाच मिनिटांत माणूस नाही म्हणून मोकळा. मी बघतच राहिलो. पैसेही परत आले. फोन ठेवता ठेवता ते सवयीनं म्हणाले, "संगमनेरला आलात तर या चहाला." आणि लगेच, "नाही, नका येऊ. तेही बसत नाही नियमात."

पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत चार-पाच दिवस रिकामे होते. एका रात्री अडीच वाजता जागाच होतो, तर १४४१६ लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, भाषा आपण निवडायची. मी मराठी निवडली. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये 'हां', 'मग' केलं, आणि आडनाव विचारलं नाही. तिथं बदलायचं कसं, हा प्रश्नच येत नाही. जो उचलेल तो आपला. मला वाटतं, माझ्यासारख्या भिडस्तांसाठी ही सगळ्यात सोयीची पद्धत आहे.

तिसऱ्या बाई मिळाल्या नागपूरच्या. वय साठ, चष्मा नाकाच्या टोकावर, मागे ना कपाट ना मनी प्लांट, नुसता कूलर. टिपणं त्यांनी वाचलेली होती. तरी मी आपला ट्रॅक्टरपासून सुरू केलं. एव्हाना माझी कहाणी कीर्तनासारखी बसली होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. शालार्थच्या कपातीपाशी तर समोरचा हळहळतोच. बाई हळहळल्या नाहीत. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मंग सह्या कायले करून राह्यले तुम्ही?"

याच प्रश्नाला बंगळूरच्या मॅडम 'त्या क्षणी तुमच्या मनात कोणती भावना होती' म्हणायच्या, आणि मी त्यावर पंधरा मिनिटं बोलायचो. 'कायले'वर मला काही सुचेना. शेवटी खरं होतं ते तोंडातून निघालं.

"त्यानं जिलबी वाढली होती हो."

"किती?"

"चार."

"अन् तुमच्याकडून वसूल किती होणार हाये?"

"दोन लाख चाळीस हजार."

बाईंनी हिशेब केला. "साठ हजाराले एक पडली."

त्या दिवशी मी गाडीत बसून एवढा हसलो की वॉचमन धावत आला. त्याला वाटलं, आता हे अगदीच गेलं. बाईंचा गुण येतोय की नाही, हे इतक्यात सांगत नाही. आमच्याकडं आधी बोललं की दृष्ट लागते.

मागच्या सोमवारी एक सहकारी चहाबरोबर फॉर्म घेऊन आले. मुलाच्या धंद्यासाठी पाच लाख, नुसती फॉर्मॅलिटी. मी म्हटलं, "ठेवून जा, बघतो." फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही केलेली नाही. परतही केलेला नाही. गुरुवारी सात वाजता सेशन आहे. तोवर ड्रॉवरला कुलूप लावलंय आणि किल्ली बायकोकडे दिली आहे.